लॉस बॅनोसचं पाणथळ: टूली एल्क, क्रौंच आणि एका दिवसाचं गणित

पाणकणीस:

थंडी सुरू झाली की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर दरवर्षी तोच प्रश्न येतो: एका दिवसात जाऊन येता येईल, मुलांना कंटाळा येणार नाही आणि खरोखर काहीतरी दिसेल असं ठिकाण कुठलं? उत्तर एका जागी असावं म्हणून हा धागा.

सॅन लुइस नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज, मर्सेड काउंटी, कॅलिफोर्निया. सॅन होजेहून हायवे १०१ ने गिलरॉय, तिथून हायवे १५२ ने पाचेको खिंड ओलांडून लॉस बॅनोस. गावातून १६५ वर उत्तरेकडे वळायचं, मग उजवीकडे वुल्फसेन रोड. साधारण पावणेदोन तास धरा. प्रवेश फुकट. फाटक सूर्योदयाआधी अर्धा तास उघडतं, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं. पेट्रोल, खाणं, चहा सगळं लॉस बॅनोसमध्येच उरकून घ्या, आत काहीही मिळत नाही. स्वच्छतागृहं आहेत, पण हात धुवायला पाणी असेलच असं धरून चालू नका.

आत गाडीतून फिरायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एल्कचा (इथल्या मोठ्या हरणाचा) रस्ता ५ मैलांचा, एल्कच्या कुंपणाला वळसा घालून येणारा. पाणपक्ष्यांचा ८.५ मैलांचा. दोन्ही कच्चे, खडी टाकलेले. तिसरा, वेस्ट बेअर क्रीकचा, २.५ मैलांचा आहे. त्याचं फाटक वेगळं, थेट १६५ वरून.

बहुतेक जण चुकतात ते वेळेत. सकाळी दहाला निघून बाराला पोचायचं, दोनपर्यंत गरागरा फिरायचं आणि "काही नव्हतं हो" म्हणत परतायचं. दुपारी बारा ते दोन बदकं पाण्यावर डोकं पंखात खुपसून झोपलेली असतात आणि एल्क झाडाखाली रवंथ करत बसलेले असतात. डिसेंबरात सूर्योदय सात-सव्वासातला आणि सूर्यास्त पावणेपाचच्या आसपास. त्या दोन टोकांपैकी एक तरी धरा.

शेकाट्या:

धागा हवाच होता. एक भर घालतो, कारण "पक्षी कुठे असतील" या प्रश्नाचं उत्तर नकाशात नाही, पाण्यात आहे.

इथलं पाणी आपसूक येत नाही. सेंट्रल व्हॅली म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातली मूळची पाणथळ जमीन नव्वद टक्क्यांहून जास्त गेली, शेतीखाली आणि कालव्यांखाली. उरलेल्या तुकड्यांत पाणी सोडतात ते पाटाच्या पाण्यासारखंच: कालवा, दारं, बांध आणि फळ्या टाकून पातळी धरायची. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने या अभयारण्यांना कालव्याच्या पाण्यात हक्काचा वाटा मिळाला, त्याआधी उरलंसुरलं पाणी यायचं.

वर्षाचा क्रम साधारण असा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळी भरायला घेतात. हिवाळाभर पाणी धरून ठेवतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने काढतात, म्हणजे उघड्या पडलेल्या ओल्या चिखलावर स्वॅम्प टिमथी, वॉटरग्रास यांचं बी रुजतं. उन्हाळ्यात एखाददोन पाळ्या देतात. ते गवत बियांवर येतं आणि शरद ऋतूत पुन्हा पाणी भरलं की तेच बी बदकांचं जेवण होतं. बदकांसाठी अन्न पिकवायची शेतीच म्हणा.

म्हणून जाण्याआधी "कुठल्या तळ्यात पाणी आहे" हे बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्धी तळी कोरडी असतात आणि भरलेल्या दोन-तीन तळ्यांत सगळी गर्दी असते. आणि पाणी दिसलं म्हणजे बदक असणारच असंही नाही. पिनटेल, टील, शॉव्हेलर ही मान बुडवून, ढुंगण वर करून खाणारी मंडळी. त्यांना चार ते दहा इंच पाणी लागतं. त्याहून खोल पाण्यात रडी डकसारखी बुडी मारणारी दिसतील. चार इंचांखाली शेकाटे, तुतवार आणि बाकीची चिखलातली पलटण. बांधाच्या कडेने पाण्याचा रंग आणि बुडालेल्या गवताची टोकं बघितली की खोली कळते.

वऱ्हाडी_भोवत्या:

शेकाट्याभाऊ, नांदूर मध्यमेश्वरला हेच. आवर्तन सुटलं आणि पातळी हलली की कालची जागा आज रिकामी. तिथे जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, इथे मात्र लोक रस्त्यावरच्या पाटीवर विश्वास ठेवून बसतात.

नावांचा घोळ आधी मिटवू या. एल्क म्हणजे युरोपात मूस. अमेरिकेत एल्क म्हणजे वापिटी, आपल्या काश्मीरच्या हंगुलच्या नात्यातलं हरीण. सांबर वेगळं, बारशिंगा त्याहून वेगळा. टूली एल्क ही वापिटीची सगळ्यात लहानखुरी उपजात, फक्त कॅलिफोर्नियात सापडणारी. लहानखुरी म्हणजे किती, तर मोठा नर साधारण आपल्या सांबराच्या नराएवढा भरतो. उत्तरेकडचा रूझवेल्ट एल्क त्याच्या दीडपट तरी असतो. "टूली" हे इथल्या लव्हाळ्याचं नाव. त्यावरूनच एल्कचं नाव पडलं आणि हिवाळ्यातल्या धुक्याचंही.

एकेकाळी लाखोंनी होते. सोन्याच्या शोधात माणसं लोटली, कातडं आणि चरबीसाठी शिकार झाली, दलदल आटवून शेती झाली. १८७० च्या दशकात संपलेच असं सगळे धरून चालले होते. हेन्री मिलर नावाच्या बड्या गुरंवाल्याच्या जमिनीवर, कर्न काउंटीत, कालव्यासाठी दलदल उपसताना हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे सापडले. त्याने त्यांना हात लावू दिला नाही. आजचे सगळे टूली एल्क त्या मूठभर जनावरांचे वंशज. कान्हाच्या बारशिंग्यांची १९७० ची गोष्ट आठवते ना, ६६ उरले होते आणि कुंपणात वाढवून वाचवले, त्याच जातीचं काम.

पाणकणीस:

बरोबर. सॅन लुइसला कळप १९७४ मध्ये आणला. त्याआधी १९७१ मध्ये राज्याने कायदा करून दोन हजारांचा आकडा गाठेपर्यंत शिकार बंद केली होती आणि जनावरं नव्या जागी नेऊन सोडायचं काम हाती घेतलं होतं. कुंपण सुमारे ७६० एकरांचं आहे. आत कळप वाढला की जास्तीची जनावरं उचलून दुसरीकडे नेतात. पॉइंट रेयेसच्या टोमालेस पॉइंटवर १९७८ मध्ये सोडलेले पहिले दहा एल्क इथलेच होते.

आता ७६० एकरांत जनावर कुठे शोधायचं? पहिली फेरी हळूहळू घ्या आणि गवताकडे न बघता सावली आणि कडा बघा: विलोच्या झाडांचा पट्टा, ओढ्याची कड, उंच लव्हाळ्याची टोकं. बसलेल्या नराची फक्त शिंगं वर दिसतात आणि ती वाळक्या फांद्यांसारखीच दिसतात. फांदी हलली की समजा. निरीक्षण मचाणावर चढून दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे पट्टे पाडत बघा, मग मागे फिरून तोच पट्टा पुन्हा. वीस मिनिटं द्या. पाच मिनिटांत उतरणाऱ्यांना काही दिसत नाही.

सुमा_सनीव्हेल:

शिंगं कधी असतात आणि कधी नसतात हेही लिहा ना. लोक मार्चमध्ये जातात आणि सगळ्या माद्याच होत्या म्हणून येऊन सांगतात.

वऱ्हाडी_भोवत्या:

सुमाताई, बरोबर पकडलंत. हिवाळा सरता सरता नर शिंगं गाळतात. लगेच नवी फुटायला लागतात, मखमली कातडीची, उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत ती वाढतात. मग झुडपांवर घासून मखमल उतरवतात. ऑगस्ट-सप्टेंबर हा माजाचा काळ. पिल्लं साधारण एप्रिल-मेमध्ये. तेव्हा माद्या कळपापासून बाजूला होऊन उंच गवतात शिरतात, म्हणजे पिल्लांच्या मोसमात जनावरं उलट कमी दिसतात.

माजावरच्या नराची हाक ऐकायची असेल तर ऑगस्टच्या उत्तरार्धात पहाटे जा. सांबराचा "पोंक" डोक्यात ठेवून गेलात तर फसाल. एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून बारीक, चढत जाणारी शिट्टी निघते, शेवटी दोन-चार खोकल्यासारखे हुंकार. नर चिखलात मुतून त्यातच लोळतो आणि शिंगांत गवताचा भारा अडकवून फिरतो. वारा तुमच्याकडे असेल तर वासही येतो. मात्र तेव्हा पारा दुपारी शंभर फॅरनहाइटच्या वर जातो आणि बदकं जवळजवळ नसतात. क्रौंच आणि माज एकाच दिवशी मिळत नाहीत, दोन फेऱ्या करा.

आणि एक. अभयारण्यात म्यूल डिअर पण फिरतात. कुंपणाबाहेर रस्त्यात आडवं आलेलं, गाढवासारखे मोठे कान असलेलं हरीण एल्क नव्हे. एल्कच्या मादीची मान अंगापेक्षा गडद असते आणि ढुंगणावर फिकट, मळकट पिवळा ठसा असतो.

दुर्बीणवाले_काका:

साहित्यावर थोडं. नवीन माणसाने ८ गुणिले ४२ ची दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्यावी. १० गुणिले ४२ हातात थरथरते आणि गाडीच्या खिडकीतून उडता क्रौंच पकडायला तिचं चित्र अरुंद पडतं. एल्कसाठी मात्र दुर्बीण कमी पडते, २० ते ६० पटींचा स्कोप असेल तर न्या. तोही ३० च्या वर नेऊ नका, कारण उन्हं वर आली की जमिनीवरची हवा लहरायला लागते आणि मोठं केलेलं चित्र नुसतं वितळल्यासारखं दिसतं. त्यावर काच महाग असून उपयोग नाही, लवकर पोचणं हाच इलाज.

गाडीतून बघताना इंजिन बंद. चालू इंजिनाची थरथर खिडकीच्या काठावरून थेट लेन्समध्ये उतरते. दुसरं, हीटर. आतली गरम हवा उघड्या खिडकीतून बाहेर पडते आणि नेमकी लेन्ससमोर थंड हवेत मिसळते. फोटो मऊ येतात, लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. हीटर बंद करून पाच मिनिटं थांबा. स्वेटर घाला, ते स्वस्त आहे. खिडकीच्या काचेवर टेकवायला जाड कापडाची पिशवी शिवून त्यात दीड किलो राजमा भरा. तांदूळ घट्ट बसतो आणि लेन्सला खाच पडत नाही, राजमा बरा.

उडत्या पक्ष्यांना शटर १/२००० सेकंद, पंख स्थिर हवे असतील तर. धुक्यात कॅमेरा सगळं करडं करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर. पांढऱ्या हंसांचा थवा उन्हात असेल तर थोडं खाली, नाहीतर पिसांचा तपशील जळतो.

कुंपणाच्या जाळीबद्दल नेहमी विचारतात. जनावर जाळीपासून लांब आणि लेन्स जास्तीत जास्त उघडी ठेवली तर तारा विरघळतात. जनावरच जाळीला टेकून उभं असेल तर काही करता येत नाही, डोळ्यांनी बघा.

शेकाट्या:

गाडीतून उतरायचा मुद्दा राहिला. पाणपक्ष्यांच्या रस्त्यावर पाटी असेल त्या मचाणांवर आणि पायवाटांवरच उतरा. हा नियम म्हणून तर पाळायचाच, पण कारणही समजून घ्या. बदकं गाडीला निरुपद्रवी डबा समजतात, गाडी पंचवीस फुटांवरून गेली तरी पोहत राहतात. दार उघडून दोन पायांची आकृती बाहेर आली की तीनशे यार्डांवरचा थवा उठतो. तुमच्या मागच्या चार गाड्यांचा दिवस गेला. आणि पक्ष्यांनी हिवाळाभर साठवायची चरबी अशीच उगाच जळते.

कडेला गाडी घेऊ नका. खडीच्या पट्ट्याबाहेरची माती इथली काळी, चिकट. पावसानंतर वरून वाळलेली दिसते, आत लोणी. चाक गेलं की गेलं आणि टो ट्रकवाल्याला यायला वेळ लागतो.

हंगामात बुधवार, शनिवार, रविवारी अभयारण्याच्या काही भागांत बदकांची शिकार चालते, ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत. गोळ्यांचे आवाज ऐकून लोक घाबरतात. फिरायचे रस्ते त्या भागांपासून वेगळे आहेत. त्या दिवशी बदकं बंद भागात, म्हणजे रस्त्याकडेच्या तळ्यांत गर्दी करतात असाही फायदा आहे. शांतता हवी असेल तर मंगळवारी किंवा गुरुवारी जा.

सुमा_सनीव्हेल:

शिकारीबद्दल कपाळाला आठ्या घालणाऱ्यांसाठी: या जमिनींचा मोठा भाग डक स्टॅम्पच्या (बदकांच्या शिकारीसाठी घ्यावा लागणारा केंद्र सरकारचा स्टॅम्प) पैशांतून विकत घेतला गेला आहे आणि ते स्टॅम्प प्रामुख्याने शिकारीच घेतात. पटो न पटो, हिशेब तसा आहे.

खारफुटी:

क्रौंचांचं कोणीच लिहिलं नाही अजून! नुसते एल्क आणि राजमा.

पाणकणीस:

खारफुटी, तेच लिहीत होतो. सँडहिल क्रेन सॅन लुइसला दिसतात, पण त्यांच्यासाठी खरी जागा मर्सेड नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज. लॉस बॅनोसहून १५२ ने पूर्वेला, ५९ ने उत्तरेला, मग सँडी मश रोडने पश्चिमेला साधारण आठ मैल. पाऊण तास धरा. तिथेही ५ मैलांचा गाडीरस्ता आहे. पॅसिफिक फ्लायवेवरचे (पॅसिफिक किनाऱ्याकडच्या स्थलांतराच्या मार्गावरचे) लेसर म्हणजे लहान सँडहिल क्रौंच आणि रॉस हंस हिवाळ्यात सगळ्यात मोठ्या संख्येने इथेच उतरतात. सप्टेंबरअखेरीपासून येतात, मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक गेलेले असतात.

ही जागा १९५१ मध्ये केली, ती हंस-बदकांनी शेतकऱ्यांची पिकं खाऊ नयेत म्हणून. आतच मका आणि गहू पेरून त्यांना इकडे ओढायचं. आजही तिथे हंस मक्याच्या धाटांत चरताना दिसतात.

क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. कोल्हा किंवा कायोटी आला तर पाण्याचा आवाज होतो. उजाडताना शेतांकडे जातात, सूर्यास्ताच्या सुमारास परत. संध्याकाळी चार वाजता पश्चिमेला उजेड आणि समोर पाणी अशी जागा धरा आणि हलू नका. आधी आवाज येतो, लाकडी रवी फिरवल्यासारखा गरगर गर्रर, मैलभरावरूनही. मग रांगा दिसतात. लांब मान सरळ ताणलेली असेल तर क्रौंच, एस आकारात दुमडलेली असेल तर बगळ्याच्या कुळातला. बहुतेकदा तीन-चारच्या टोळ्या असतात, आई-बाप आणि त्या वर्षीचं पिल्लू. पिल्लाच्या कपाळावर लाल टोपी नसते आणि आवाज अगदी बारीक, शिट्टीसारखा.

फाटक सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं, म्हणून शेवटचे थवे उतरत असतानाच निघावं लागतं. गाडीचं तोंड आधीच बाहेरच्या दिशेला ठेवा.

वऱ्हाडी_भोवत्या:

पांढऱ्या हंसांत स्नो कुठला आणि रॉस कुठला, ही नेहमीची परीक्षा. स्नो गूजच्या चोचीच्या बाजूला काळी फट असते, दात दाखवून हसल्यासारखी. रॉसची चोच आखूड, त्रिकोणी, काळी फट नाही. डोकं गोल, मान आखूड, बदकापेक्षा थोडाच मोठा. दोघं शेजारी उभे राहिले की लगेच कळतं, एकटा असला की चोच बघायलाच हवी.

थापट्या, तलवार बदक आणि वारकरी आपल्याकडच्यांना लगेच ओळखू येतील. वारकरी इथे शेकड्यांनी असतात, पण तो अमेरिकन, आपल्या वारकऱ्याच्या चुलतभावासारखा. शेकाटाही वेगळ्या जातीचा. मोर शराटीच्या जागी व्हाइट-फेस्ड आयबिस, हिवाळ्यात त्याचा चेहराही तसा साधाच, पण डोळा लाल असतो.

दुर्बीणवाले_काका:

धुक्याचा इशारा ठळक लिहायला हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाऊस पडून गेल्यावर आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओली असली की रात्रीत टूली धुकं धरतं. १५२ वर आणि आय-५ वर समोरची गाडी दिसत नाही. साखळी अपघात याच धुक्यात होतात. हाय बीम लावू नका, उजेड परत डोळ्यांत येतो. लो बीम, वेग कमी, आणि थांबायची वेळ आली तर रस्त्याच्या कडेला नाही, एक्झिट घेऊन पेट्रोल पंपावर. पाचेको खिंडीच्या वरच्या बाजूला लख्ख ऊन असतं आणि उतरताना अचानक कापसात शिरल्यासारखं होतं, तिथेच लोक चुकतात.

असं धुकं साधारण दहा-अकरानंतर फाटतं, कधी दिवसभर फाटतच नाही. आदल्या रात्री अंदाज बघून पहाटेचा बेत रद्द करा आणि दुपारी दोनला निघा. सॅन लुइसला एल्क, मग मर्सेडला संध्याकाळचे क्रौंच. मात्र एल्कसाठी तासाभरापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर क्रौंच उतरून गेलेले असतील.

पाणकणीस:

काका, दोनला निघालं तर पोचेपर्यंत पावणेचार. एल्क आणि मर्सेड दोन्ही बसत नाही. सूर्यास्त पावणेपाचला, मधला पाऊण तास रस्त्यात. बाराला निघा, नाहीतर एक काहीतरी सोडा.

दुर्बीणवाले_काका:

मान्य. बाराच.

खारफुटी:

मेलेला पक्षी दिसला तर? मुलं पिसं गोळा करतात.

शेकाट्या:

हात लावायचा नाही. कारणं तीन. बर्ड फ्लू. गर्दीच्या तळ्यांत हिवाळ्यात पसरणारा पक्ष्यांचा कॉलरा आणि उन्हाळ्याशेवटी गरम, साचलेल्या पाण्यातला बॉट्युलिझम. आणि रानटी स्थलांतरित पक्ष्यांची पिसं जवळ बाळगणं अमेरिकेत कायद्याने गुन्हा आहे, जमिनीवर पडलेलं पीस असलं तरी. एल्कचं गळलेलं शिंगही अभयारण्यातून उचलून आणता येत नाही. बरेच पक्षी एकत्र मेलेले दिसले तर जागा नोंदवून अभयारण्याच्या कार्यालयाला फोन करा.

इथे पाण्याचा इतिहासही कडू आहे. केस्टरसन नावाचा भाग आज सॅन लुइसमध्येच मोडतो. तिथल्या तळ्यांत खोऱ्याच्या पश्चिमेकडच्या शेतांचं निचऱ्याचं पाणी सोडलं जायचं. त्या मातीत सेलेनियम आहे, ते पाण्याबरोबर आलं आणि तळ्यांत आटत आटत साठलं. १९८३ मध्ये अंड्यांतून चोच नसलेली, डोळे नसलेली पिल्लं निघाली. १९८६ मध्ये ते पाणी बंद झालं. म्हणून इथल्या लोकांना नुसतं "पाणी आलं" एवढ्यावर समाधान नसतं, कुठून आलं हेही विचारतात.

सुमा_सनीव्हेल:

लहान मुलांसाठी: गाडीरस्ता उत्तम, कारण चालावं लागत नाही. पण आठ मैल पंधराच्या वेगाने गेलात तरी थांबत थांबत दीड तास होतो. मागच्या सीटच्या काचा आधी पुसा, आतूनही. प्रत्येकाला वेगळी दुर्बीण द्या, स्वस्त चालेल, नाहीतर भांडणं. कार्यालयाच्या इमारतीत प्रदर्शन आहे, पण उघडण्याची वेळ आधी बघून घ्या. कुत्रा न्यायचा असेल तर दोरी लागेल. ड्रोनवर बंदी आहे आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिलं पाणी सुटलं की डासांचा कहर असतो, लांब बाह्या.

वऱ्हाडी_भोवत्या:

मोकळे, कुंपणाबाहेरचे एल्क बघायचे असतील तर परतताना १५२ वर सॅन लुइस जलाशयाच्या आसपासच्या टेकड्यांकडे नजर ठेवा, गाडी चालवणाऱ्याने नव्हे. हायवेवर थांबू नका, जलाशयाच्या परिसरातल्या पार्किंगमध्ये शिरून बघा. तिथे मधे जाळी नाही, शंभर यार्ड अंतर ठेवा. नर मान खाली घालून शिंगं तुमच्याकडे वळवायला लागला तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात.